तिसरा रकाना

कोल्हापूर,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. तनू हिस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. मी "अभ्यास कर, जेवत जा" एवढंच म्हणालो आणि फोन आईकडे दिला. तू रडत होतीस हे आईनं मला नंतर सांगितलं. इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपच्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी तुला लेथच्या टेलस्टॉकचं काम विचारलं आणि तुला उत्तर देता आलं नाही. शेजारच्या मुलीनं अर्धंमुर्धं उत्तर फाडफाड इंग्रजीत दिलं आणि सर पुढं गेले. संध्याकाळी हॉस्टेलवर तू "मी जेवायला येत नाही, झोपतो" म्हणालीस, तर खोलीतल्या मुली "झोपतो" वरून हसल्या. एकाच दिवशी इंग्रजीनंही मान खाली घालायला लावली आणि मराठीनंही. ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

पहिल्यांदा तुझी एक माफी मागायची आहे. ती सात वर्षं राहिली आहे.

२०१८ ची दिवाळी आठवते? तू सहावीत होतीस. पुण्याचे काका-काकू आले होते, त्यांची मुलं इंग्रजी शाळेतली. फराळ चालला होता, आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो, "बोल की इंग्रजीत, क्लासला जातेस ना?" तू उठून उभी राहिलीस, हात मागं बांधलेस आणि म्हणालीस, "आय ॲम रीड इन सिक्स्थ स्टँडर्ड." पोरं हसली. ती लहान होती, त्यांचं काय. मी मात्र "क्लासची फी पाण्यात गेली" म्हणालो. तू चकलीचा तुकडा बशीत ठेवलास आणि आत गेलीस. तो अर्धा तुकडा मला अजून दिसतो.

त्या वाक्यात तुझी चूक किती होती, हे मला फार उशिरा कळलं. 'मी शिकत आहे' यातल्या 'आहे'ला तू प्रामाणिकपणे 'ॲम' शोधलास, 'शिकणे'ला तुला ठाऊक असलेला 'रीड' लावलास. एकही शब्द गाळला नव्हतास. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ हवं, म्हणजे आपल्या पोरांना अख्खं वाक्य आतून उलटं करून मांडावं लागतं. अकरा वर्षांच्या पोरीनं ते उभ्या उभ्या, दहा माणसांसमोर केलं होतं. आणि क्लासमध्ये तर प्रत्येक चूक पंचवीस वेळा लिहून काढायला लावत होते. त्या दिवाळीनंतर तू इंग्रजीशी जी कट्टी घेतलीस तिला कारण मी आहे. चुकलो बाळा.

कारण त्याआधीची तू मला आठवतेस. २०१३ साली पहिलीत गेलीस तेव्हा घरभर "सिट डाऊन, स्टँड अप, जंप" चालायचं. आज्जीला तू पाटावरून उठवायचीस, "स्टँड अप!" आणि आज्जी गुडघे धरून खरंच उठायची. मांजर आलं की "कॅट", दूध उतू गेलं की "मिल्क, मिल्क!" चुकण्याची भीती कशी ती नव्हतीच. आमच्या वेळी हे नव्हतं. मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० सालच्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी आम्हाला ए, बी, सी, डी भेटायची ती थेट पाचवीत. लहान भाऊ पाळण्यात असतो तो वेगळा आणि दहा वर्षांचे झाल्यावर कुणीतरी आणून समोर उभा केला तर वेगळा, तसं ते होतं. मला दहावीला इंग्रजीत ३७ पडले. पासाला ३५ लागायचे. निकाल लागला त्या दिवशी मी ठरवलं की या भाषेचं आणि माझं आता काही देणंघेणं नाही.

मग कळंब्याच्या आयटीआयला टर्नर ट्रेडला, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापायचं काम शिकायला, गेलो आणि पहिल्याच महिन्यात ड्रॉइंग हातात आलं. त्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. मास्तर तोंडी "नर्लिंग कर" म्हणायचे आणि मी पकडीसाठी खरखरीत नक्षी उठवायचो, पण ड्रॉइंगवर ते 'के'पासून लिहिलेलं. कितीतरी दिवस मला वाटायचं की हे काहीतरी दुसरंच काम आहे, आपल्याला न शिकवलेलं. कुणाला विचारायची लाज वाटायची. तू दुसरीत असताना एकदा चिडून विचारलं होतंस, "बाबा, नाइफमधला 'के' बोलायचा नाही तर लिहायचा कशाला?" तेव्हा मी तुला नर्लिंगचं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बापाला येत नाही हे पोरीला कळू नये असं वाटलं.

आता २०२१ ची गोष्ट. ती तुला माझ्याइतकीच पाठ असेल, पण तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं हे तुला माहीत नाही.

तू आठवी सेमीतून नुकतीच संपवली होतीस, तीही घरात एका मोबाइलवर. सातवीपर्यंतचा लसावि एकदम एलसीएम झाला, घर्षणाचं फ्रिक्शन झालं. तू एक वही केलीस, डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी. पाठांतर करताना तुझा आवाज असा यायचा की जणू शिक्षाच भोगतेस. त्याच वर्षी मालकांनी सीएनसी, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, घेतलं. मी ४६ वर्षांचा, पंचवीसएक वर्षं हातानं लेथ चालवलेला. तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, हातात झेरॉक्सचं एक जाडजूड पुस्तक पडलं, सगळं इंग्रजी. डिप्लोमा झालेली दोन पोरं माझ्या मागं उभी राहायची. मला हे जमलं नाही तर मशीन त्यांच्याकडं जाणार आणि मी कापलेल्या कडांची कुसं, बर, काढायला बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आईलासुद्धा हे मी बोललो नव्हतो.

एका रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात ते पुस्तक घेऊन बसलो होतो. तू पाणी प्यायला आलीस, माझ्या खांद्यावरून वाचलंस आणि म्हणालीस, "क्लॉकवाइज म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं." मग बसलीसच. जी झीरो झीरो, वेगानं जा. जी झीरो वन, कापत सरळ जा. जी झीरो टू, काट्याच्या दिशेनं वळ. जी झीरो थ्री, उलट वळ. एम झीरो थ्री, स्पिंडल फिरव. एम झीरो एट, कूलंट सोड. एम थर्टी, संपलं. तू वाचायचीस, अर्थ सांगायचीस, आणि ते प्रत्यक्षात होतं कसं ते मी तुला पोळपाट-लाटण्यावर दाखवायचो. लाटणं म्हणजे जॉब, कापायचा तुकडा. चमचा म्हणजे टूल, कापणारं हत्यार.

तिसऱ्या का चौथ्या रात्री तू विचारलंस, "बाबा, इथं प्रत्येक आकड्यापुढं पूर्णविराम का आहे?" मी म्हणालो, तो पूर्णविराम नाही, तो दशांशचिन्हाचा ठिपका, पण ठिपका तोच. ५० मिलिमीटरला टूल न्यायचं असेल तर एक्स ५० लिहून पुढं ठिपका द्यायचा. ठिपका राहिला तर आमचं मशीन ते ५० मायक्रॉन समजतं, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, आणि टूल जॉबच्या पार मध्यात घुसतं. टूल गेलं, जॉब गेला, कधी कधी स्पिंडलही जातो. तू बराच वेळ गप्प राहिलीस. शाळेत वाक्याच्या शेवटी टिंब न दिल्याचे तुझे मार्क नेहमी कापले जायचे, आणि तू म्हणायचीस की एवढ्याशा टिंबानं काय होतं. त्या रात्री तू तुझी निबंधाची वही काढलीस आणि न सांगता सगळी टिंबं देत बसलीस.

त्यानंतर तुझ्या वहीत तिसरा रकाना आला. तुझी कल्पना. काटकोन, राइट अँगल, आणि तिसऱ्यात माझा शब्द, गुण्या. व्यास, डायमीटर, डाया. अक्ष, ॲक्सिस, सेंटर. तू मला विचारून लिहायचीस. आणि मला पहिल्यांदा कळलं की ज्याला मी 'कारखान्यातलं बोलणं' समजत होतो त्यात निम्मं इंग्रजीच होतं. ३७ मार्कांचा माणूस दिवसभर इंग्रजी वापरत होता आणि त्यालाच त्याचा पत्ता नव्हता. दोन महिन्यांनी मी पहिला प्रोग्रॅम स्वतः लिहिला. सुट्टीच्या दिवशी तुला शिरोलीला कारखान्यात घेऊन गेलो, सायकल स्टार्टचं बटण तू दाबलंस. जॉब निघाला, मायक्रोमीटर लावला, माप बरोबर. तू तो जॉब हातात घेऊन म्हणालीस, "हे आपण वाचलेलं आहे."

नववीपासून तुझं इंग्रजी बदललं ते तिथून. क्लास तर बंदच केला होता. तू शब्द पाठ करणं सोडलंस आणि एखादं वाक्य काय करायला सांगतंय ते बघू लागलीस. दहावीला ८१ पडले. शाळेतल्या बाईंनी कारण विचारलं तर तू सीएनसीचं पुस्तक म्हणालीस, त्यांना कळलंच नाही.

मला तुला एवढंच आठवून द्यायचं आहे की अकरावीलाही असंच झालं होतं. सायन्स म्हणजे सगळंच इंग्रजीत. पहिले दोन महिने तू वर्गात तोंड उघडलं नव्हतंस, गणपतीत आत्याला "मी सायन्स सोडतो" म्हणाली होतीस. मग फिजिक्सला गोल फिरण्याच्या गतीचा भाग आला, आणि ॲक्सिस, टॉर्क, आरपीएम हे सगळं तुझ्या त्या वहीत आधीच बसलेलं होतं. तिथून गाडी लागली. ही भाषा तुझ्याजवळ येते, दूर जाते, परत येते. आता ती दूर गेल्यासारखी वाटतेय. २०२१ पासून काही कॉलेजांत मराठीतून इंजिनिअरिंग सुरू झालंय, ॲडमिशनच्या वेळी आपण त्यावर बोललोही होतो. तूच म्हणालीस, "नको, मला मॅन्युअल वाचता यायला हवं." तो निर्णय तुझा होता आणि मला तो पटला होता, अजून पटतो.

आता व्हायव्हाचं. टेलस्टॉक म्हणजे काय हे तुला कुणी शिकवायची गरज नाही. शाळा सुटल्यावर डबा घेऊन यायचीस तेव्हा तू जुन्या लेथच्या टेलस्टॉकचं चाक फिरवत बसायचीस, मी ओरडायचो. पुढच्या वेळी मोठं वाक्य जुळवत बसू नको. प्रोग्रॅममध्ये एका ओळीत एक काम असतं, तसं बोल. टेलस्टॉक सपोर्ट्स द जॉब. इट होल्ड्स द ड्रिल. दोन ओळी, झालं. वस्तूकडं बोट दाखव, हात लाव. आणि सरांचा प्रश्न कळला नाही तर परत विचार. कारखान्यात जो विचारत नाही त्याचाच जॉब स्क्रॅप होतो. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि ज्याला विचारायची लाज वाटते त्याच्याकडं माझं जास्त लक्ष असतं, कारण तो मीच असतो, नर्लिंगवाला.

आणि "झोपतो" बद्दल. तुझी आई "मी जातो" म्हणते, आज्जी म्हणायची, आपल्या गल्लीतली प्रत्येक बाई म्हणते. कोल्हापुरातल्या बायका असंच बोलतात. पुण्याच्या मुलींना ते नवं वाटलं असेल, त्यांना सांग की आमच्याकडं असं बोलतात. चार दिवसांनी त्यांनाही सवय होईल. तुला बदलावंसं वाटलं तर बदल, माझी हरकत नाही. पण लाजून बदलू नको, आणि घरी फोन करताना तर मुळीच नको. परवा तू आईला दोनदा "मी येते" म्हणालीस. आई काही बोलली नाही, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ भाजी निवडत बसली.

वही पाठवतोय. आईनं चकलीचा डबा केलाय, त्याच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे. शेवटची सात-आठ पानं कोरी आहेत. टेलस्टॉकला मराठी शब्द मला सापडला नाही, मधल्या आणि तिसऱ्या रकान्यात एकच शब्द लिहून पहिला मोकळा ठेवलाय, तुझ्या सरांना विचार.

माझंही एक काम आहे. आयटीआयची दोन नवीन पोरं आली आहेत. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सगळीकडं 'अनलेस अदरवाइज स्पेसिफाइड' असं असतं आणि त्याखाली टॉलरन्स, म्हणजे माप किती कमीजास्त चालेल ते, दिलेलं असतं. मी त्यांना "वेगळं काही लिहिलं नसेल तर हा टॉलरन्स धरा" असं सांगतो. त्यातला एक पोरगा म्हणाला, "मग 'नसेल' कुठं आहे यात? 'नॉट' तर कुठंच दिसत नाही." मला उत्तर देता आलं नाही, उद्या सांगतो म्हणालो. त्या 'अनलेस'मध्ये 'नाही' कुठं बसलेलं असतं ते मला फोनवर समजावून सांग. दिवाळीला येशील तेव्हा त्याला तूच सांगितलंस तर अजून चांगलं.

गाडीचं रिझर्व्हेशन लवकर कर, वसुबारसला गर्दी असते. स्टँडवर मी येतो.

तुझा,
बाबा