ती पोस्टकार्डं टाकू नकोस

मिरज

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

लाइपझिगच्या जुन्या बाजारात घेतलेल्या, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पोस्टकार्डांचे फोटो मिळाले. आईचा फोन घेऊन बसलो आणि एकेक मोठं करून पाहिलं. तुझ्या जर्मन मैत्रिणीनं ‘हा युद्धाचा प्रचार घरात कशाला?’ असं विचारलं आणि तुला ती सगळी टाकून द्यावीशी वाटली, असं तू लिहिलंयस. टाकू नकोस. तिचं म्हणणं खरंच आहे, पण ते कार्डाच्या एका बाजूपुरतं.

आधी चित्रांबद्दल. दोन बादशहा शेजारी शेजारी आहेत, ते जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि ऑस्ट्रियाचा फ्रान्झ योसेफ. काळा लोखंडी क्रॉस म्हणजे लष्करी पदक, ओकची पानं, तेव्हाचा काळा-पांढरा-लाल जर्मन झेंडा, आणि ‘आम्ही जर्मन देवाला भितो, बाकी जगात कशालाच नाही’ हे जर्मन चान्सेलर बिस्मार्कचं १८८८ च्या भाषणातलं वाक्य. ही कार्डं खाजगी छापखाने काढायचे आणि ती छावणीतल्या दुकानांत विकायला असायची. शिपाई त्यातलं मिळेल ते उचलायचा. कुणी आवडीनं घेतलं असेल, कुणी फक्त मागची कोरी जागा हवी म्हणून. तेव्हा चित्र पाहून लिहिणाऱ्याचं मन ठरवू नकोस.

चित्रांना मी निर्दोष म्हणत नाही. ‘प्रत्येक गोळीला एक रशियन, प्रत्येक भोसक्याला एक फ्रेंच’ अशा अर्थाचं यमक त्या काळी आगगाडीच्या डब्यांवर खडूनं लिहीत आणि कार्डांवर छापत. लहान पोरांना शिपायाचे कपडे घालून काढलेली चित्रंही असायची. ती पाहून मला राग येतो. माणसं मारणं हा खेळ आहे, असं घराघरांत पोचवायचं काम या कार्डांनी केलं. उद्ध्वस्त फ्रेंच गावांचे फोटो छापलेली कार्डं भरपूर सापडतात, मेलेला जर्मन शिपाई मात्र जवळजवळ दिसत नाही.

आता मागची बाजू. माझी सगळी नोकरी टपालाच्या सॉर्टिंगमध्ये गेली, त्यामुळे माझी नजर पहिल्यांदा तिकडेच जाते. तिकीट का नाही, असं तू विचारलंस. शिपायाला पोस्टकार्ड पाठवणं फुकट होतं. वर ‘फेल्डपोस्ट’ म्हणजे लष्करी टपाल असं लिहायचं, त्याच्या तुकडीचा शिक्का बसायचा आणि मग लष्करी टपालाचा गोल शिक्का. १९१४ ते १९१८ या काळात या टपालानं दोन्ही दिशांना मिळून सुमारे २,८७० कोटी नग वाहिले. आघाडीवरून घरी दररोज सरासरी ६८ लाख, घरून आघाडीवर ९९ लाख. थैल्या उचलणाऱ्या माणसाला विचार, ६८ लाख नग म्हणजे काय ते. ते सैन्य जेवढं दाणागोट्यावर जगलं तेवढंच टपालावर जगलं, असं मला वाटतं.

मजकुरात मात्र फारसं काही सापडणार नाही. मी बरा आहे, पार्सल मिळालं, मोजे पाठवा, सगळ्यांना नमस्कार. कार्डाला पाकीट नसतं, ते वाटेत कुणीही वाचू शकतं. सुरुवातीला तुकडीचेच अधिकारी टपाल तपासत, १९१६ पासून त्यासाठी वेगळ्या कचेऱ्या झाल्या. आपण कुठे आहोत हे लिहायला बंदी. मोठ्या चढाईच्या आधी तर टपालच रोखून धरत.

म्हणून घरचे आधी शिक्का बघत असणार. तुझ्या एका कार्डावर मार्च १९१६ स्पष्ट वाचता येतं. फ्रान्समधल्या वर्दूंची मोठी लढाई २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. ते नाव घरच्यांनी वर्तमानपत्रात वाचलेलं असणार आणि कार्डात गावाचं नाव नाही. आपला पोरगा तिथं आहे की नाही, कळायला मार्ग नाही. पण शिक्क्यावरच्या तारखेच्या सुमाराला तो हातात पेन्सिल धरण्याइतका धड होता, एवढं नक्की. समोर कैसर असो की फुलांचा गुच्छ, त्या आईला त्याच्याशी काय देणंघेणं होतं? उलट्या दिशेनं गेलेल्या कितीतरी पत्रांवर ‘गेला’ असा शेरा पडून ती पाठवणाऱ्याकडे परत आली. त्या युद्धात जर्मनीचे सुमारे २० लाख सैनिक मेले.

घरून येणाऱ्या पत्रांवरही दडपण होतं. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाटे संपले आणि लोक गुरांना घालायच्या सलगमासारख्या कंदांवर जगले, तेव्हा सरकार बायकांना बजावत होतं की रडगाणं लिहू नका, शिपायांचा धीर खचतो. म्हणजे इकडे उपाशी बाई ‘आमचं ठीक आहे’ लिहितेय आणि तिकडे खंदकातला नवरा ‘माझं ठीक आहे’ लिहितोय. त्याच वर्षांत फ्रान्समध्ये लढणाऱ्या आपल्या हिंदी शिपायांची पत्रंही इंग्रज सरकार उघडून, भाषांतर करून वाचत होतं.

अक्षर लागत नाही म्हणून नाराज होऊ नकोस. ती जुनी जर्मन लिपी आजच्या तरुण जर्मनांनाही वाचता येत नाही, आपल्याकडे मोडीचं झालं तसंच. एखादे वयस्कर शेजारी असतील तर त्यांना दाखव, बहुधा त्यांना आनंदच होईल. मैत्रिणीलाही बरोबर बसव. बर्लिनला गेलीस तर तिथलं टपाल आणि दळणवळणाचं संग्रहालय बघ. लष्करी टपालाची हजारो पत्रं त्या संस्थेनं जपली आहेत.

भिंतीवर मात्र यातलं एकही लावू नकोस. तो काळा-पांढरा-लाल झेंडा आज तिथले कडवे उजवे मिरवतात. पाहुण्यांना गैरसमज होईल आणि तो त्यांचा दोष नसेल. कार्डं आम्लरहित कागदाच्या पाकिटात, उन्हापासून लांब ठेव. पेन्सिलीच्या मजकुरावर बोट फिरवू नकोस. मागच्या बाजूंचे फोटो पुन्हा काढून पाठव, दिवा बाजूनं तिरपा धरून, म्हणजे पुसट शिक्केही उठून दिसतील. तारखा लावून देण्याचं काम माझ्याकडे.

थंडी वाढली असेल, कान झाकत जा. आईनं मेतकूट पाठवलंय.

तुझे
बाबा