वन्समोअर बंद करायचा म्हणतात

ता. सिंदेवाही
संक्रांतीचा दुसरा दिवस

प्रिय दिन्या,

बाबांचा गुडघा तसाच, आईचं बरं. धानाचं चुरणं आटोपलं, विकणं बाकी आहे. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात जे झालं ते गावात कोणाशी बोलावं कळेना, म्हणून लिहायला बसलो.

परवा दिवसा पट म्हणजे बैलांची शर्यत झाली, रात्री नाटक. कंपनी वडशाचीच, आपल्या नाटक कंपन्यांच्या गावची. दुसऱ्या अंकात सून सासूला घराबाहेर काढते, तिथं शेवंता आत्या गर्दीतून उभी झाली. "ओ माय, रडू नोको! कागद तुह्या सुनेनंच लपवला, पेटीत पाह्य!" कोणी हसलं नाही रे. आजूबाजूच्या बायाही डोळे पुसत "हो जी, पेटीत पाह्य" म्हणायला लागल्या. त्या नटीनं रडणं थांबवलं, आत्याला हात जोडले अन् म्हणाली, "माय, पेटी उघडली तरी माझं आयकते कोण?" मी विंगेतच होतो. प्रॉम्प्टर वहीची पानं उलटत राहिला, कारण हे वाक्य वहीत नव्हतंच. पण अख्ख्या रात्रीत त्याच्या तोडीचं दुसरं वाक्य झालं नाही.

आणि आपल्या मंडळाच्या दोन पोरांनी आत्याला दंडाला धरून खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी बैठक. पुढच्या सालापासून वन्समोअर बंद, बक्षीस बंद, मधात बोलणं बंद, आणि तसं तिकिटावरच छापायचं. पुण्यामुंबईकडे असं चालत नाही म्हणे.

तू म्हणशील पोरांचं बरोबर आहे. नागपूरला देशपांडे सभागृहात मी "वाहवा" म्हटलं तर तू कोपर मारलं होतंस. त्यावरून नॅरोगेजच्या छोट्या गाडीत नागभीडपर्यंत आपण बोललो नाही, अन् शेवटी भज्यांचे पैसे कोणी द्यायचे या भांडणासाठी तोंड उघडावं लागलं! पैसे मीच दिले, हेही लक्षात असू दे.

पण तिथलं नाटक वेगळ्या घडणीचं. आपलं नाटक दंडार, खडी गंमत या गावातल्या नाचगाण्याच्या खेळांतून वर आलं. अंगणात खेळ व्हायचा, बघणारा हात लांबवला की नाचणाऱ्याला शिवायचा. शिवाय पैसा कोणाचा? मंडळ वडशाला जाऊन प्रयोग ठरवतं, बयाना देतं, मांडव घालतं, तिकिटं विकतं. लेकी-जावई पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. तोटा आला तर गावच सोसतं. म्हणजे शेवंता आत्या नुसती प्रेक्षक नाही, ती या खेळाची मालकीण आहे. मालकिणीला गप्प बस कसं म्हणायचं?

आणि नटांचं बघ. भाऊबीजेपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, रात्री दहा-अकराला तिसरी घंटा, पहाटे मेकअप पुसून गाडीत झोप. तालमीला वेळ कुठला? कोणतं पद लांबवायचं, विनोद्यानं कुठं थांबायचं, हे त्यांना लोकांच्या आवाजातूनच कळतं. लोक गप्प झाले तर नाटक सुधारेल कुठून? वन्समोअर तर जुन्या संगीत नाटकातही होता, तुझ्या पुण्यातही होता. तिकडं कधी अन् कसा ओसरला ते मला तू सांग.

पोरांचं एक खरं आहे. दहा-दहा रुपयांच्या बक्षिसांची नावं माईकवर वाचत बसतात, त्यात पदाचा जीव जातो. आणि लावणी सुरू झाली की मागची दारू प्यालेली टोळी जे ओरडते, ते बंदच व्हायला पाहिजे. त्या बाया पोटासाठी नाचतात, त्यांना मान मिळालाच पाहिजे. हे मी बैठकीत मोठ्यानं बोललो. पण शिट्टी मारणारा अन् आत्या एकाच नियमात कसे बसवता? शर्यतींवरच्या बंदीत पट बंद होते त्या सालीही आपण नाटक सोडलं नव्हतं. २०२३ ला आपल्या नाटकातले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तूच रात्री फोन करून ओरडला होतास, "आपल्या झाडीपट्टीला मिळाली!" आपल्या म्हणाला होतास, दिन्या.

आत्या परवापासून घराबाहेर पडली नाही. मी गेलो तर म्हणाली, "मी काय चुकीचं बोलली रे? कागद पेटीतच होता ना?" तिसऱ्या अंकात तो पेटीतच सापडला होता.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. छकुलीची दहावी आहे ना, तिला उगीच दटावू नको.

आता काम. माघी पौर्णिमेनंतर पुन्हा बैठक आहे. पुण्यात राहतोस म्हणून ही पोरं तुझं ऐकतात, माझं नाही. दोन पानं लिहून पाठव. लावणीच्या वेळचा धिंगाणा बंद, नावं वाचणं अंक संपल्यावर, एवढंच लिही. वन्समोअरला अन् बोलण्याला हात लावू नका म्हणून ठळक लिही. तुला पटत नसेल तर तेही लिही, पण मग स्वतः ये अन् आत्यासमोर बोल. पत्र माझ्याच पत्त्यावर टाक, बैठकीत मी वाचून दाखवतो.

तुझा
बाळ्या