पाइपचा गॅस नसलेल्या घरातून काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. गावाबाहेर, पाइपचा गॅस न पोचलेल्या घरांत राहणारी माणसं पुष्कळ आहेत. पाणी तापवून घरभर फिरवणारा जुना बॉयलर कुरकुरायला लागला की सगळ्यांपुढे एकच प्रश्न येतो: आता घर गरम कशावर करायचं? आमच्यापुढेही तोच होता. तेल, टाकीतला गॅस, लाकूड, पेलेट (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या), हीट पंप (बाहेरची ऊब आत आणणारं विजेवरचं यंत्र); ज्याला विचारावं तो आपलंच घोडं पुढे दामटत होता. हयातभर बॉयलर दुरुस्त केलेल्या तुम्ही मात्र एकाही यंत्राचं नाव न काढता विचारलंत, "घरातून किती ऊब बाहेर जाते, ते मोजलंय का?"

त्या एका प्रश्नासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

टेप, वही आणि उदबत्ती घेऊन तुम्ही आलात. दारांच्या कडेनं, खिडक्यांच्या चौकटींजवळ, पोटमाळ्याच्या झाकणाशी तुम्ही उदबत्ती धरत होतात. जिथे धूर सरळ वर न जाता आडवा पळे, तिथे खडूनं खूण करत होतात. सगळ्यात मोठी खूण वापरात नसलेल्या धुराड्यापाशी झाली. तिथून ऊब अक्षरशः ओढली जात होती आणि आम्ही खिडक्यांना दोष देत बसलो होतो.

मग तुम्ही वहीत हिशेब मांडलात. भिंतीचं किंवा छताचं क्षेत्रफळ, त्यातून उष्णता किती सहज निघून जाते तो आकडा, आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक, या तिघांचा गुणाकार. पोटमाळा ६० चौरस मीटर. इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, नसलेल्या छताचा आकडा साधारण २.३. आत २० अंश आणि बाहेर शून्य धरलं, तर नुसत्या छतातून पावणेतीन किलोवॅटच्या आसपास उष्णता जाते. म्हणजे दोन मोठे हीटर अखंड चालू ठेवून ती सगळी ऊब आभाळाला द्यायची. तेच छत २७० मिलिमीटर जाडीच्या लोकरीसारख्या इन्सुलेशननं झाकलं की तो आकडा ०.१६ वर येतो आणि गळती २०० वॅटच्या आत. मी तो गुणाकार स्वतः पुन्हा करून पाहिला, कारण विश्वासच बसेना.

एका विक्रेत्यानं घराच्या चौरस मीटरांवरून आम्हाला १६ किलोवॅटचं यंत्र सुचवलं होतं. तुमच्या हिशेबानं, पोटमाळा झाकून आणि फटी बुजवून झाल्यावर कडाक्याच्या थंडीतही आठ पुरेसे होते. दुप्पट मोठं यंत्र घेतलं तर बिघडलं काय, असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटत होतं. तुम्ही समजावलंत की गरजेपेक्षा मोठं यंत्र थोडा वेळ चालतं, बंद पडतं, लगेच पुन्हा चालू होतं. अशा चालू-बंदीत झीज वाढते आणि इंधनही जास्त जातं. हे आम्हाला आधी कुणीही सांगितलं नव्हतं.

इंधनांची तुलना तुम्ही जशी करून दिलीत, ती तर प्रत्येकाला माहीत असायला हवी. तेल लिटरनं मिळतं, गॅस किलोनं किंवा लिटरनं, लाकूड ढिगानं, वीज युनिटनं. भाव समोर असूनही काहीच कळत नाही. तुम्ही सगळं विजेच्या युनिटात आणलंत. हीटिंगच्या तेलाच्या एका लिटरमध्ये सुमारे १० युनिट, प्रोपेनच्या (टाकीतल्या गॅसच्या) एका किलोत १३ ते १४, चांगल्या पेलेटच्या किलोत पावणेपाचच्या आसपास, नीट वाळलेल्या लाकडाच्या किलोत ४. मग त्यातलं प्रत्यक्ष खोलीत किती येतं ते बघायचं: चांगला बॉयलर नव्वद टक्क्यांच्या आसपास देतो, बंद दाराची शेगडी सत्तर-पंचाहत्तर, आणि उघड्या चुलाण्यातली बरीचशी ऊब धुराबरोबर वर जाते. हीट पंपाचं गणित वेगळं. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली गोळा करून आत आणतो, म्हणून एका युनिट विजेत तीन-चार युनिट ऊब मिळू शकते. विजेचं युनिट तेलाच्या युनिटापेक्षा कितीपट महाग आहे ते काढा, म्हणालात. पंप वर्षभरात सरासरी त्याहून जास्त पट ऊब देत असेल, तर चालवायला पंप स्वस्त. मी आजवर ऐकलेला हा सगळ्यात उपयोगी हिशेब आहे. भाव बदलले तरी तो जुना होत नाही.

लाकडाचा मोह आम्हाला फार होता. आजूबाजूला झाडं, अंगणात जागा. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. ढिगातला एक ओंडका उचललात, ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया वरून टोचल्यात. १८ टक्के. आम्ही खूश झालो. मग कुऱ्हाडीनं त्याचे दोन भाग केलेत आणि आतल्या ताज्या बाजूला पुन्हा टोचलंत: ३१. लाकूड वरून वाळलेलं आणि आतून ओलं होतं. असं लाकूड जाळलं तर शक्तीचा काही भाग पाणी उकळण्यातच जातो आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचून तो पेटायची भीती असते, हे तुम्ही सांगितलंत. लाकूड फोडून, वारा लागेल असं रचून, वरून झाकून एक-दोन वर्षं ठेवावं लागतं, हेही तेव्हाच कळलं. आणि मग हळूच विचारलंत, "पहाटे उठून रोज शेगडी कोण पेटवणार?" सासूबाईंचे गुडघे, यांची कामाच्या निमित्तानं होणारी फिरती. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

टाकीतल्या गॅसचं आमच्यापुरतं तळघरामुळेच जमेना. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली जाऊन साचतो. ज्यांच्याकडे तळघर नाही आणि टाकीला मोकळी जागा आहे, त्यांच्यासाठी तो चांगला पर्याय असू शकतो, हे तुम्ही निक्षून सांगितलंत. शिवाय एक बारकावा सांगितलात: थंड प्रदेशात बाहेरच्या टाकीत प्रोपेनच हवा. टाकीतल्या गॅसचा दुसरा प्रकार, ब्युटेन, शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं. जमिनीतून ऊब घेणाऱ्या पंपाचा विषय अंगणात पहार मारल्यावर संपला. वीतभर मातीखाली खडक.

राहिला हवेतून ऊब घेणारा पंप. त्याच्याबद्दल आम्ही इतकं उलटसुलट ऐकलं होतं की भीतीच बसली होती. हे काहीतरी नवं खूळ आहे, थंडीत चालतच नाही, वगैरे. ही कल्पना शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ साली मांडली होती, हे तुमच्याकडून ऐकलं तेव्हा आमचे हे गप्पच झाले. पण तुम्ही जुनेपणावर विसंबून राहायला सांगितलं नाहीत. परीक्षा घ्यायला सांगितलीत. जुना बॉयलर अजून चालतोय तोवर ऐन थंडीत त्याच्या पाण्याचं तापमान ५० अंशांवर आणा आणि कोणत्या खोल्या गार राहतात ते बघा. पंप कमी तापमानाच्या पाण्यावर उत्तम चालतो. पाणी जितकं गरम मागाल तितकी वीज जास्त. खर्च शून्य, आणि उत्तर आपल्याच घरातून मिळतं. आमच्या दोन खोल्या गार राहिल्या. कारणही तुम्ही सांगितलंत: खोलीला ऊब देणाऱ्या रेडिएटरच्या पाण्यात आणि खोलीत ५० अंशांचा फरक असताना तो जेवढी ऊब देतो, ३० अंशांचा फरक असेल तर त्याच्या जेमतेम अर्धी देतो. त्या दोन खोल्यांतले रेडिएटर मोठे केले. बाकी सगळे जुनेच आहेत आणि व्यवस्थित चालतात. सगळं घर उकरायला निघालेल्या आम्हाला तुम्ही केवढ्या खर्चातून वाचवलंत!

हीट पंपाचा बाहेरचा पंखा कुठे बसवायचा यावरून कंत्राटदाराशी तुम्ही केलेली चर्चाही विसरणार नाही. त्याच्या आराखड्यात तो मागच्या दाराच्या पायवाटेला लागून होता. शून्याच्या वर थोडी थंडी आणि दमट हवा असली की त्याच्या जाळीवर हिम धरतं, ते वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं आणि ते पाणी खाली पडून गोठतं. त्या वाटेवरून सासूबाई रोज जातात. तुम्ही म्हणालात, जागा बदला, पाण्याला खडीचा खड्डा करून द्या, आणि शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीकडे तोंड नको. हिम वितळताना जी वाफ उठते ती पाहून यंत्राला आग लागली असं समजू नका, हेही आधीच सांगून ठेवलंत. पहिल्यांदा वाफेचा लोट दिसला तेव्हा त्यामुळेच कुणाची धावपळ झाली नाही.

वीज गेली तर काय, हा आमचा शेवटचा अडसर. तेव्हा तुम्ही आठवण करून दिलीत की तेलाचा बॉयलर असो की पेलेटचा, वीज गेली की त्यांचे पाणी फिरवणारे पंप आणि पंखे थांबतात आणि तेही बंद पडतात. म्हणून बैठकीच्या खोलीत विजेवर अवलंबून नसलेली एक छोटी शेगडी, तिला बाहेरून हवेची स्वतंत्र नळी, दर वर्षी धुराड्याची सफाई, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. त्या वायूला ना रंग ना वास, म्हणून अलार्म घेईपर्यंत शेगडी पेटवू देणार नाही, असं तुम्ही दटावून सांगितलंत. सख्ख्या काकांनीही इतक्या अधिकारानं सांगितलं नसतं.

काका, या सगळ्यात तुमचा काडीचा फायदा नव्हता. तुम्हाला काही विकायचं नव्हतं, कुणाकडून काही मिळायचं नव्हतं. हयातभर बॉयलर दुरुस्त केलेल्या माणसाला तेलाचाच बॉयलर सुचवणं सर्वांत सोपं होतं. तुम्ही या वयात नव्या यंत्राचा अभ्यास केलात, पोटमाळ्यावर वाकून चढलात, आमच्या शंका पुन्हा पुन्हा ऐकल्यात. मानधनाचा विषय काढला तर रागावलात. मग निदान हे जाहीर आभार तरी नाकारू नका.

आता घराची हालहवाल. पंपाला वेगळा वीजमीटर आणि ऊब मोजणारा मीटर, दोन्ही बसवून घ्या असा तुमचा आग्रह होता, म्हणून अंदाजानं बोलावं लागत नाही. या हिवाळ्यात विजेच्या एका युनिटाला सव्वातीन युनिट ऊब मिळाली. बाहेरच्या थंडीप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप बदलेल अशी जी जोडणी तुम्ही लावून दिलीत, तिला आम्ही हात लावलेला नाही. नळाच्या गरम पाण्याची टाकी ठरलेल्या वेळी ६० अंशांपर्यंत तापते, जंतू वाढू नयेत म्हणून. सासूबाई खिडकीशेजारच्या खुर्चीत पुन्हा बसायला लागल्या आहेत. पूर्वी थंडीचे महिने त्या अंथरुणातच काढत. हे मीटरवर दिसत नाही, पण आम्हाला रोज दिसतं.

वळणापलीकडच्या घरातलं जोडपंही याच पेचात आहे. त्यांना मी तुमच्या वहीची नक्कल दिली आहे आणि उदबत्तीचा प्रयोग करून दाखवला आहे. मात्र रेडिएटरचं गणित मला तुमच्याइतकं नीट समजावता आलं नाही, तेव्हा ते तुमच्याकडे येतील.

उत्तरेच्या खोलीची जुनी एकेरी काच यंदा उन्हाळ्यात बदलतो आहोत. ती झाली की त्या खोलीचा हिशेब नव्यानं मांडून पाण्याचं तापमान आणखी दोन-तीन अंश खाली आणता येतं का, ते तुमच्याबरोबर बसून पाहायचं आहे. वही घेऊन या.

तुमची ऋणी,
टेकाडावरच्या घरातली सून