मुलींना बी-१२ लग्नाआधीच मिळायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तुमच्या जनुकांना मानवेल असा आहार’ सुचवणाऱ्या जाहिराती हल्ली वारंवार दिसतात. लाळेचा नमुना पाठवायचा, पैसे भरायचे आणि काय खावे याची यादी घरपोच मिळवायची, असा तो व्यवहार असतो. अकरावी-बारावीच्या वर्गांना तीस वर्षे जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आहे. या जाहिराती पाहताना मला खंत वाटते ती एवढ्याचसाठी की आईच्या पोषणाचा मुलाच्या पुढच्या आजारांशी काय संबंध असतो, याचा जगाने दखल घेतलेला अभ्यास आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत झाला. पण तो ज्यांच्या उपयोगी पडावा, त्या गावांतल्या मुलींपर्यंत त्याचे सार अजून पोहोचलेले नाही.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या संशोधकांसोबत, या गावांतील विवाहित स्त्रियांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. दिवसभर शेतातले काम, पाणी भरणे, जनावरांचे करणे आणि सगळ्यांची पाने झाल्यावर उरेल ते खाणे, असे त्यांचे आयुष्य होते. त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले, तर साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथवर नवल नाही. नवल पुढे आहे. आपली बाळे वजनाने, स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांच्या आकाराने लहान होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाहेरून काटकुळे आणि आतून चरबी राखलेले हे बाळ म्हणजे, सडपातळ असूनही चाळिशीत मधुमेह होणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचीच पहिली आवृत्ती होय. डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासोबत प्रसिद्ध केलेले दोघांचे छायाचित्र काही वाचकांनी पाहिले असेल. दोघांचाही उंचीशी ताडलेल्या वजनाचा निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के होती.

या अभ्यासातील सर्वांत बोलकी गोष्ट मातांच्या रक्तातून पुढे आली. सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. फॉलेट या दुसऱ्या जीवनसत्त्वाची कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा, गरोदरपणात ज्यांच्या आईच्या रक्तात फॉलेट जास्त होते त्यांच्यात चरबी आणि इन्सुलिनला होणारा प्रतिरोध (म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणे) अधिक आढळला, आणि आईला बी-१२ कमी व फॉलेट जास्त अशी जोडी असेल तर हा प्रतिरोध सर्वाधिक होता. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातील चौथ्या हिश्शाहून अधिक जणांच्या रक्तातील साखर वाजवीपेक्षा वाढलेली होती, आणि ही मुले लठ्ठ नव्हती. त्यांच्यात कितीतरी जण कमी वजनाचे होते.

येथे जनुकांचा संबंध कोठे येतो, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आईवडिलांकडून आलेली जनुके आहाराने बदलत नाहीत. बदलू शकते ते त्यांचे नियमन, म्हणजे कोणत्या पेशीत कोणते जनुक किती काम करील हे ठरवणारी व्यवस्था. या व्यवस्थेतील एक खूण म्हणजे डीएनएवर बसणारा मिथाइल हा छोटासा रासायनिक गट. जनुकाच्या आरंभापाशी अशा खुणा दाटीने बसल्या की ते जनुक बहुधा गप्प राहते. हा मिथाइल गट शरीरात आकाशातून येत नाही, तो अन्नातूनच यावा लागतो. पालेभाज्या आणि कडधान्यांतले फॉलेट तो वाहून आणते, आणि बी-१२ च्या मदतीने तो होमोसिस्टीन या अमिनो आम्लाकडे सुपूर्द होऊन मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल तयार होते. त्यापासून बनणारे द्रव्य मग डीएनएला मिथाइल गट पुरवते. बी-१२ नसेल तर फॉलेट आणलेले ओझे हातात घेऊन तसेच अडकून पडते. म्हणून एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. वर्गात हे चक्र फळ्यावर काढताना मी मुलींना नेहमी विचारत असे की काल घरात दूध कोण कोण प्यायले. उत्तरात आई आणि मोठी बहीण क्वचितच असे.

गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत भ्रूणातील जुन्या मिथाइल खुणा मोठ्या प्रमाणावर पुसल्या जातात आणि नव्याने मांडल्या जातात. तेव्हा बाईला दिवस गेल्याचे ठाऊकही नसते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात उपासमार झाली, त्या काळात गर्भात आलेल्या व्यक्तींचा सहा दशकांनंतर अभ्यास झाला. वाढीशी संबंधित असलेल्या आयजीएफ-२ या जनुकावरील मिथाइल खुणा त्यांच्यात त्यांच्या स्वतःच्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. उपासमार गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत सोसलेल्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. हा फरक लहान होता आणि त्यामुळेच आजार होतो असे त्यावरून सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही गर्भधारणेच्या सुमाराच्या अन्नाची नोंद साठ वर्षे शरीरात टिकून राहू शकते, ही बाब मला साधी वाटत नाही. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने पुण्याच्या संशोधकांसोबत केलेल्या कामात, मुलांना वर्षभर बी-१२ दिल्यानंतर मधुमेहाशी संबंधित काही जनुकांवरील मिथाइल खुणांत बदल झालेला आढळला आहे.

आता सरकारी गोळीकडे वळते. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड (म्हणजे गोळीतले फॉलेट) असते. गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून रोज लाल गोळी दिली जाते. तिच्यातही हेच दोन घटक त्याच प्रमाणात असतात. दोन्हींत बी-१२ नाही. ज्या जिल्ह्यात स्त्रियांना फॉलेटची उणीव नव्हती आणि बी-१२ ची होती, तेथे आपण नेमके उलट वाटप करत आहोत, हे तीस वर्षांच्या पुराव्यानंतर तरी कोणाच्या लक्षात यायला नको काय? पोषक तत्त्वे मिसळलेल्या तांदळात बी-१२ घातले जाते हे खरे. पण ठरलेले प्रमाण किलोला ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे पाव किलो तांदूळ खाल्ला तरी फार तर ०.३ मायक्रोग्रॅम मिळेल. रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या वर आहे.

एक गोष्ट येथे अतिशय स्पष्टपणे लिहिते, कारण अर्धवट वाचून कोणी नुकसान करून घेऊ नये. फॉलिक ॲसिडची गोळी बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही. गर्भाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंग टाळण्याचा तो सिद्ध झालेला उपाय आहे आणि गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतले तरच त्याचा पुरेपूर उपयोग होतो. माझे म्हणणे एवढेच की त्याच्या जोडीला बी-१२ द्यावे. पुण्याच्या अभ्यासातील मुले वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यातल्या काहींना रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहण्यात आले. त्यांच्यापैकी ज्या मुली पुढे माता झाल्या त्यांची बाळे दोन वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा बौद्धिक आणि भाषिक विकासात पुढे असल्याचे आढळले. मुलांची संख्या थोडी होती, म्हणून मोठा प्रयोग व्हायला हवा. पण हा घटक स्वस्त आहे, फार थोड्या प्रमाणात लागतो, आणि त्याची उणीव असलेल्या लोकसंख्येत तो देण्यासाठी आणखी एक पिढी थांबण्याचे कारण मला दिसत नाही.

गोळीइतकाच प्रश्न घरातल्या ताटाचा आहे. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. आमच्या तालुक्यात सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते पेलाभर राहते. त्यातही पहिला मान मुलग्याचा आणि कर्त्या पुरुषाचा. शाकाहारी घरातल्या मुलीला दोन वेळा दूध किंवा दही मिळाले तर तिची बरीचशी गरज भागते, आणि जेथे चालते तेथे अंडी, सुकट, बांगडा यांना पर्याय शोधत बसण्याची गरज नाही. संकष्टी, एकादशी, सोमवार, गुरुवार असे आठवड्यातले दोन-दोन उपवास कोवळ्या मुली साबुदाण्यावर काढतात. उपवास करायचाच असेल तर त्यात दूध-दही हवे, असे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनीच सांगितले तर मुली ऐकतात, हा माझा अनुभव आहे. पुण्याच्या याच अभ्यासात, ज्या गर्भवती पालेभाज्या, दूध आणि फळे वारंवार खात होत्या त्यांची बाळे आकाराने मोठी जन्मली, हेही आढळले होते. मेथी, चवळई, अंबाडी रटरटा शिजवून वरचे पाणी ओतून दिले तर फॉलेट त्या पाण्यातच जाते, एवढे तरी प्रत्येक घरात कळायला हवे.

‘बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून गरोदर बाईने बेताने खावे’ हा समज मी माझ्या स्वतःच्या नात्यात ऐकला आहे. त्या सांगणाऱ्या आजींचा हेतू प्रेमाचाच होता आणि त्यांच्या काळातल्या अवघड बाळंतपणांची भीती त्यामागे होती. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. आणि दोष मातांनाही देऊ नये. ‘आईने नीट खाल्ले नाही म्हणून मुलाला मधुमेह झाला’ असा अर्थ कोणी या संशोधनातून काढत असेल तर तो अन्याय आहे. ताट वाढणारी ती असली तरी त्या ताटात काय उरेल हे ठरवणारे बहुतेक वेळा दुसरेच होते. शिवाय गर्भातली सुरुवात म्हणजे अटळ भविष्य नव्हे. पुढच्या आयुष्यातले खाणे, चालणे, झोप या सगळ्यांचा धोका वाढण्या-कमी होण्यात वाटा असतोच.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाने किशोरींच्या साप्ताहिक गोळीत बी-१२ घालण्याचा निर्णय तज्ज्ञांना विचारून लवकर घ्यावा आणि राज्याच्या अखत्यारीत नसेल तर केंद्राकडे तसा प्रस्ताव पाठवावा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. त्या योजनेचा हात गरोदरपणाच्या आधी, कनिष्ठ महाविद्यालयांतल्या मुलींपर्यंत नेता येईल का, याचा विचार व्हावा. आणि अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात डीएनएची रचना शिकवताना या सहा गावांचा अभ्यास एक पानभर तरी असावा, म्हणजे ती शिकणारी मुलगी घरी जाऊन डेअरीच्या किटलीतून स्वतःसाठी पेलाभर दूध काढून ठेवू शकेल.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, जि. पुणे