मुद्दाम स्वतःच्या मशीनवर एरर आणणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. पण नुसतं थँक्यू पाठवून माझं समाधान होईना म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमचं टूल छोटंसं, पण ते लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीकडे बिल्ड व्हायला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनायला हवं होतं, आणि ते काम एक स्क्रिप्ट करायची. लिनक्सवर एकदम लोण्यासारखं. मॅकवर सेड मायनस आय वर, म्हणजे फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलणाऱ्या कमांडवर, येऊन अडायचं. आणि माझ्या विंडोजवर, डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय), तर सुरूच होईना. फाइलींची यादी दाखवणारं एलएस मारलं की स्क्रिप्टचं नाव समोर दिसतंय, परमिशन आहे, आणि चालवली की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अरे ही काय फाइल, डोळ्यासमोर! चार दिवस मी त्या एका ओळीकडे बघत होते, डोकं फुटायची वेळ आली.

विचारलं तर काय उत्तरं मिळाली ते आता हसत सांगते, तेव्हा रडू यायचं. एक म्हणाला माझ्याकडे तर चालतंय. दुसरा म्हणाला विंडोज सोड. तिसऱ्या सीनियरनी 'सीमेक वापर' एवढे दोन शब्द टाकले आणि गायब. सीमेक चांगलंच आहे हो, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट आणि लिनक्सवर मेकफाइल एकाच वर्णनातून काढून देतं, पण माझी स्क्रिप्ट सीमेकपर्यंत पोचायच्या आधीच मरत होती ना, त्याचं काय!

तुम्ही स्वतः लिनक्सवाले. तुमच्याकडेही चालत होतं, पण तुम्ही ते म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, गिटचं ऑटोसीआरएलएफ काय आहे तुझ्याकडे? म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची ती सेटिंग, जी ओळींचे शेवट आपोआप बदलते. मी म्हटलं ट्रू, इन्स्टॉल करताना आपोआप आलं असेल. मग तासभर काही नाही. मला वाटलं झालं, हेही गेले.

आणि मग तुमचा स्क्रीनशॉट आला. स्वतःच्या मशीनवर तीच सेटिंग ट्रू करून, नव्याने क्लोन मारून, म्हणजे सगळा कोड परत उतरवून, तीच एरर. खाली फक्त, "मलाही आली."

खरं सांगू, फिक्स नंतर आला, माझं काम तिथेच झालं होतं. चार दिवसांत पहिल्यांदा कळलं की मी वेडी नाहीये. तो स्क्रीनशॉट अजून ठेवलाय.

त्या एररमध्ये बिन-एसएचच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलच्या नावाच्या, पुढे एक कॅरेट एम (^M) होता, तो मी कचरा समजून सोडून देत होते. तुम्ही सांगितलंत तोच चोर. गिटने विंडोजच्या पद्धतीने प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर चिकटवलेलं, त्यामुळे सिस्टिम माझी स्क्रिप्ट नाही, त्या शेपटीसकट नावाचा शेल शोधत होती. तो कुठून सापडणार! कुठल्या फाइलीच्या ओळी कशा संपवायच्या हे गिटला सांगणाऱ्या गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये एक ओळ, संपलं.

मॅकचंही तुम्हीच सोडवलंत. तिथल्या सेडला मायनस आय नंतर बॅकअपचं एक्स्टेंशन लागतंच, रिकामं का होईना, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही मायनस आय काढून टाकलं, टेम्प फाइलमध्ये लिहून मूव्ह केलं, आणि वर कॉमेंट टाकलीत की असं का केलंय, म्हणजे पुढच्याने 'सोपं' करायला जाऊन परत मोडू नये. अशी माणसं असतात म्हणून ओपन सोर्स चालतं, बाकी लायसन्स वगैरे ठीक आहे.

काल तिन्हीकडे हिरवं झालं, म्हणजे बिल्ड पास झालं. पहिला मेसेज तुम्हालाच करणार होते, मग म्हटलं पत्रच लिहू.

आणि दादा, ती ऑटोसीआरएलएफची सेटिंग परत पहिल्यासारखी केलीत ना? विचारायचं राहूनच गेलं. माझ्यापायी तुमच्या फाइलींना शेपट्या फुटायला नकोत.