दम लागण्यामागे हृदयातली गाठही असू शकते

मा. संपादक,

हार्ट फेल्युअर (हृदयाला शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलता न येणे) म्हटले की रक्तदाब, मधुमेह, हार्ट अटॅक यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. हृदयातल्या गाठीचे मात्र नावही निघत नाही. ती दुर्मीळ आहे खरी, पण शस्त्रक्रियेने बहुधा पूर्ण बरी होते, म्हणून ती नजरेतून सुटणे फार जिव्हारी लागते.

मोठ्या माणसांत हृदयातच उगवणारी नेहमीची गाठ म्हणजे मिक्सोमा. ती कॅन्सरची नसते. चारांपैकी सुमारे तीन डाव्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने लोंबतात. ठोक्यागणिक गाठ मायट्रल झडपेच्या, म्हणजे डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेच्या, तोंडाशी येते, वाट अडते आणि रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते. स्टेथोस्कोपमध्ये आवाज थेट अरुंद झालेल्या झडपेसारखा येतो. रुमॅटिक तापाने बिघडलेल्या झडपा आपल्याकडे इतक्या आढळतात, की निदान तिथेच थांबते. काहींना बारीक ताप येतो, वजन घटते, ईएसआर (शरीरात दाह असल्याचे सुचवणारी रक्ततपासणी) वाढतो. मग टीबीचा शोध सुरू होतो.

बसल्यावर किंवा कूस बदलल्यावर दम वा चक्कर एकदम कमी-जास्त झाली, तर गाठ जागेवरून हलत असावी. तरुणपणी अर्धांगवायू झाला, तरी हृदय तपासावे. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेलेला असू शकतो.

ईसीजीवर गाठ दिसत नाही. 'अँजिओग्राफी नॉर्मल' एवढ्यावरही निर्धास्त होऊ नये, कारण ती तपासणी रक्तवाहिन्यांची आहे, कप्प्यांची नव्हे. लागतो तो टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यातही फक्त 'ईएफ (पंपिंगचे प्रमाण) ६० टक्के' वाचून रिपोर्ट मिटू नका. पंपिंग उत्तम असतानाही आत गाठ असू शकते. गाठ की रक्ताची गुठळी हे कळत नसेल तर अन्ननलिकेतून इको किंवा एमआरआय करतात.

लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरते, अडथळा तसाच राहतो. रक्त पातळ करण्याच्या औषधाने मिक्सोमा विरघळत नाही. हार्ट-लंग मशीनवर हृदय थांबवून, देठाच्या मुळाशी असलेल्या पडद्याच्या तुकड्यासह ती काढावी लागते. स्टॉकहोममध्ये शल्यविशारद क्लॅरेन्स क्रॅफोर्ड यांनी १९५४ मध्ये हे करून दाखवले. निदान झाल्यावर 'सण उरकू द्या' म्हणून तारीख पुढे ढकलू नये. तुकडा कधीही सुटतो. क्वचित गाठ पुन्हा येते, म्हणून नंतरही ठरावीक काळाने इको करत राहावा. एकाच घरात दोघांना झाली असेल, तर जवळच्या नातलगांचाही.

आपला,
एक हृदयरोगतज्ज्ञ