डब्यात काय आहे ते एका चिठ्ठीवर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी तीन आठवड्यांवर आलीये आणि पेपर उघडला की गिफ्ट हॅम्परच्या जाहिराती, चकचकीत खोका, आत सोनेरी कागद, बदामाच्या चार पुड्या आणि दोन चॉकलेटं. आमच्या घरी मागच्या दिवाळीला असे पाच खोके आले, त्यातला एक तर आम्ही न उघडताच दुसऱ्याला दिला आणि त्यांनीही तो पुढे कोणाला तरी दिला असणार. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मला मनापासून वाटतं की द्यायचंच तर घरी केलेलं द्यावं, थोडं द्या पण स्वतःच्या हातचं द्या, आणि देताना सोबत एक चिठ्ठी जरूर द्या. चिठ्ठीचं पुढे सांगते, कारण खरा मुद्दा तोच आहे.

मी डोंबिवलीत राहते, माहेर कुडाळकडचं. आमच्याकडे मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आले की घराचं अंगण लाल व्हायचं. साल मीठ लावून रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत रसात बुडवायची, परत उन्हात, असं चार पाच वेळा केलं की सोलं तयार. मिठातला रस गाळून ठेवला की आगळ. आणि सालीच्या वाट्यांमध्ये साखर भरून त्या बरणीत रचायच्या, वर फडकं बांधून आठवडाभर उन्हात ठेवायचं, की साखर विरघळून गडद लाल पाक सुटतो, ते अमृत कोकम. पाऊस लागायच्या आत हे सगळं उरकायचं म्हणून आई पहाटेपासून पाटावर बसलेली असायची. मुंबईहून आलेला कुठलाही पाहुणा परत जाताना आगळाची एक बाटली आणि सोलांची पुडी घेतल्याशिवाय गेला नाही. आमच्या भागातल्या कोकमाला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला, पण आईच्या दृष्टीने ते आधीपासूनच द्यायच्या लायकीचं होतं.

हे देणं आमच्याकडे चालायचं कसं, तर स्टीलच्या डब्याने. डब्यावर ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरलेलं असायचं, बहुतेक सासऱ्यांचं नाहीतर लग्नाची तारीख. तो डबा ज्यांच्याकडे गेला ते परत करताना कधीच रिकामा देत नसत, काही नसलं तर निदान मूठभर साखर तरी घालून द्यायचे. माझ्याकडे अजून एक डबा आहे ज्यावर आमच्या जुन्या चाळीतल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं नाव आहे, काकू आता नाहीत आणि तो डबा मी परत करायचा राहिला. त्यात दर दिवाळीला मी बेसनाचे लाडू भरते आणि त्यांच्या सुनेकडे नेऊन देते, ती रिकामा करून मला परत देते, परत देताना त्यात तिच्या हातच्या शंकरपाळ्या असतात. आता बहुतेक ठिकाणी हॉटेलच्या पार्सलचे प्लॅस्टिकचे डबे आलेत, परत करायची भानगड नाही म्हणून सोयीचे वाटतात, पण मग जिना चढून कोणी यायचं कारणही उरत नाही हो.

आता चिठ्ठीचं. तीन वर्षांपूर्वी मी नणंदेला पन्हं दिलं. कैऱ्या उकडून गर काढला, गूळ घातला, वेलची, केशर, थोडं पाणी घालून सरबरीत केलं आणि काचेच्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावून दिलं. फ्रिजमध्ये ठेवा एवढं सांगायचं राहिलं. तिने बाटली ओट्यावर ठेवली, मे महिना, चार दिवसांनी मुलांना द्यायला झाकण फिरवलं तर सगळं फसफसून बाहेर, भिंतीवर, तिच्या कपड्यांवर, आणि तिची सहा वर्षांची मुलगी शेजारीच उभी होती. कोणाला लागलं नाही पण बाटली फुटली असती तर काय झालं असतं या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. चूक पूर्ण माझी होती. मी गृहीत धरलं की अमृत कोकम महिनोन्महिने बाहेर टिकतं तसं पन्हंही टिकेल. पण अमृत कोकमात रसाच्या दुप्पट साखर असते, आगळात मीठ भरपूर असतं, म्हणून ते टिकतात, आणि पन्ह्यात गूळ बेताचा आणि पाणी जास्त, ते उकाड्यात आंबणारच आणि गॅस धरणारच.

तेव्हापासून मी डब्यावर नाहीतर बाटलीवर कागदाची चिठ्ठी चिकटवते. काय आहे, कधी केलं, काय काय घातलंय, कुठे ठेवायचं, कधीपर्यंत संपवायचं. पाच ओळी. मिठाईच्या दुकानांना सुट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केलंय, मग आपण आपल्या जवळच्या माणसाला तेवढंही सांगू नये का?

आणि "काय काय घातलंय" हे तारखेइतकंच महत्त्वाचं आहे, हे मला आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्या एका कुटुंबामुळे कळलं. त्यांच्या मुलाला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत, अंगावर उठतं आणि श्वास लागतो. मी पातळ पोह्यांचा चिवडा आणि चकल्या घेऊन गेले तर त्या बाईंनी फार संकोचून विचारलं की चिवड्यात दाणे आहेत का. दाणे दिसत होतेच, ते मी लगेच सांगितलं, पण घरी आल्यावर लक्षात आलं की चकलीसुद्धा मी घाण्याच्या शेंगदाणा तेलातच तळलीये, आणि ते मी बोललेच नव्हते. तशीच परत वर गेले. त्यांनी चकल्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, मुलाला द्यायच्या होत्या. आता त्यांच्यासाठी मी वेगळ्या तेलात, धुतलेल्या कढईत, सगळ्यात आधी तळते.

टिकण्याचं म्हणाल तर बहुतेक फराळ आपल्या घाईमुळे बिघडतो. चिवडा गरम असतानाच डब्यात भरला की आत वाफ धरते आणि दोन दिवसांत मऊ पडतो, तो परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायला हवा. करंजीत सुकं खोबरं आणि भाजलेली खसखस असेल तर ती दोन आठवडे छान राहते, पण ओल्या नारळाची करंजी असेल तर ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपली पाहिजे, दिसायला दोन्ही सारख्याच, घेणाऱ्याला कसं कळणार? खव्याचं काही असेल तर तेच. परदेशी पाठवायचं असेल तर बेसनाचे लाडू, शंकरपाळ्या आणि कडक तळलेली चकली, कृपा करून चिरोटे पाठवू नका, तिकडे पोचेपर्यंत पापुद्र्यांचा चुरा होतो.

अनारशाबद्दल थोडं लिहिते कारण तो आता घरी फारसं कोणी करत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी कापडावर पसरून किंचित ओलसर असतानाच दळायचे, बारीक चाळायचे, तेवढाच गूळ घालून गोळा करून पाच सहा दिवस झाकून ठेवायचा. मग खसखशीवर थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात पसरतो, विरघळतो, त्याला आमच्याकडे अनारसा हसला म्हणतात. दहा दिवसांची वाट बघून केलेला, जाळी पडलेला एक अनारसा तुम्हाला कोणी हातावर ठेवला तर त्याने तुमच्यासाठी दहा दिवस दिलेत असं समजा.

ज्यांना नोकरीमुळे खरंच जमत नाही त्यांनी ओळखीतल्या घरगुती फराळ करणाऱ्या बायकांकडून, बचत गटाकडून घ्यावं, तेही घरचंच आहे. फक्त किलोमागे वीस रुपये कमी करा म्हणून घासाघीस करू नका. भाजणीतली एकेक डाळ वेगळी भाजायला, उभं राहून चकल्या पाडायला किती वेळ जातो, पाठ कशी भरून येते, हे करणाऱ्यालाच माहीत.

तुम्हाला विनंती एवढीच की दिवाळीच्या पानावर पदार्थांच्या कृती छापता तेव्हा प्रत्येक कृतीखाली दोन ओळी जास्त छापा, हा पदार्थ बाहेर किती दिवस टिकतो आणि कसा भरून द्यायचा. "चवीनुसार" आणि "अंदाजाने" जरा कमी करा, नवीन मुलींना आणि मुलांना करायचंय पण माप मिळत नाही. सुरुवात माझ्यापासून करा, माझी चकलीची भाजणी ही अशी: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २ वाट्या, उडीद डाळ १ वाटी, मूग डाळ अर्धी वाटी, पोहे अर्धी वाटी, धणे पाव वाटी, जिरे २ चमचे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं आणि गार झाल्यावरच दळायचं. चकली तेलात सोडल्यावर बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत काढू नका, घाईने काढलेली दुसऱ्या दिवशी मऊ पडते. मोहन जास्त झालं तर ती तेलात तुटते, कमी झालं तर कडक होते, दोन वाट्या भाजणीला दोन मोठे चमचे कडकडीत तेल पुरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात तीन आठवडे.

आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, डोंबिवली (पूर्व)